नातीची शिकवणी

(चातुर्मासानिमित्त संस्थानच्या सभामंडपात झालेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून दरवर्षी मला रक्तदाब, मधुमेह किंवा सांधेदुखी यांवर बोलायला सांगतात. यंदा मी विश्वस्तांना विनंती केली, की एक दिवस मला दुखण्यांतून सुट्टी द्या. यंदाचे जून ते ऑगस्ट आम्ही उभयता मुलाकडे अल खोरला होतो, आणि तिथे सदुसष्टाव्या वर्षी मी पुन्हा विद्यार्थी झालो. ती हकिगत सांगावी म्हणून उभा आहे. आपल्यापैकी अनेकांची नातवंडे अकरावी-बारावीत आहेत, त्यांच्या उपयोगाचे यात काही निघाले तर आनंदच आहे.

अल खोर हे कतारमधले समुद्रकाठचे गाव, राजधानी दोहाच्या उत्तरेला साधारण पन्नास किलोमीटरवर. पूर्वी मासेमारी आणि मोत्यांसाठी बुड्या मारणाऱ्यांची वस्ती, आता जवळच्या रास लफान इथल्या वायू प्रकल्पांत काम करणारी कुटुंबे तिथे राहतात. २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकाचा पहिला सामना ज्या तंबूच्या आकाराच्या मैदानात झाला, ते अल बैत मैदान याच गावात आहे. उन्हाळा मात्र असा, की पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी दहापासून दुपारी साडेतीनपर्यंत उघड्यावर काम करायला तिथे सरकारी बंदी असते. शाळांना सुट्टी, आणि मुले दिवसभर घरात.

आमची नात सोळा वर्षांची. ब्रिटिश पद्धतीच्या शाळेत तिची आपल्या दहावीसारखी परीक्षा झाली होती आणि सप्टेंबरपासून दोन वर्षांचा ए-लेव्हलचा अभ्यासक्रम सुरू होणार होता. विषय तीन : जीवशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित. दहावीतले जीवशास्त्र आणि पुढचे जीवशास्त्र यांत फार मोठी पायरी आहे, हे तिने मैत्रिणींकडून ऐकले होते आणि ती धास्तावली होती. मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही आहातच, तर सुट्टीत हिची थोडी तयारी करून घ्या."

मला काय, आनंदच झाला. चाळीस वर्षे डॉक्टरकी केलेली. मनात म्हटले, घरात कोणीतरी माझा स्टेथोस्कोप पुढे चालवणार! मी दुसऱ्याच दिवशी वेळापत्रक भिंतीला चिकटवले. रोज तीन तास, जाडजूड पुस्तकाचा रोज एक धडा, संध्याकाळी व्याख्या म्हणून दाखवायच्या.

सात दिवस बरे गेले. आठव्या दिवशी मी विचारले, "पेशीपटल म्हणजे काय?" तिने इंग्रजीतली व्याख्या एका दमात म्हटली, एक शब्द चुकला नाही. मी विचारले, "मग काकडीच्या कोशिंबिरीला मीठ लावून ठेवलं की पाणी का सुटतं?" ती गप्प. व्याख्येतच उत्तर होते, पण ते तिला दिसेना. आणि मी बोलू नये ते बोललो. म्हणालो, "एवढंही येत नसेल तर डॉक्टर कशी होणार तू?"

तिने पुस्तक मिटले. म्हणाली, "आबा, मला डॉक्टर व्हायचंच नाहीये. आणि आता बायॉलॉजीही नको." आणि खोलीत निघून गेली.

रात्री मुलगा माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "बाबा, राग मानू नका. दहावीनंतर मी बायॉलॉजी सोडलं, ते इंजिनिअरिंगच्या आवडीनं नाही. तुम्ही शिकवायला बसायचात ना, त्याची भीती वाटायची."

मंडळी, तीस वर्षे मी सगळ्यांना सांगत आलो, की आमच्या चिरंजीवांना लहानपणापासून यंत्रांची आवड. याच सभामंडपात मी ते सांगितलेले असेल. त्या रात्री मुलाची माफी मागितली. उशीर झाला होता, पण मागितली.

सकाळी आमच्या सौभाग्यवतींनी मार्ग काढला. त्या जुन्या अकरावीच्या मॅट्रिक, विज्ञानाशी संबंध नाही. त्या म्हणाल्या, "अहो, तिला शिकवू नका. तिलाच आपल्या दोघांना शिकवू दे. मला समजलं, तर तिला समजलं असं धरा." नातीला ही कल्पना पटली. वेळापत्रक भिंतीवरून उतरले. रोज एक तास, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, नात शिक्षिका, आजी विद्यार्थिनी आणि मी मदतनीस.

पहिला धडा अर्थातच काकडीचा. एका वाटीत नुसत्या फोडी, दुसरीत मीठ लावलेल्या. अर्ध्या तासाने दुसऱ्या वाटीत पाणी जमले. पेशीभोवती एक अतिशय पातळ पडदा असतो. त्यातून पाणी सहज जाते-येते, मीठ तसे जाऊ शकत नाही. जिकडे विरघळलेले पदार्थ जास्त, तिकडे पाणी ओढले जाते. यालाच परासरण म्हणतात, इंग्रजीत ऑस्मोसिस. आजी म्हणाल्या, "म्हणजे कैरीच्या लोणच्याला खार सुटतो तेच की!" तेच.

मग बटाट्याच्या सारख्या मापाच्या पट्ट्या कापल्या. एक साध्या पाण्यात, बाकीच्या एक चमचा, दोन चमचे, तीन चमचे मिठाच्या पाण्यात. आधी वजन, तासाभराने पुन्हा वजन. साध्या पाण्यातली पट्टी फुगली आणि वजनाला वाढली, खारट पाण्यातल्या लुळ्या पडल्या. नातीने आलेख काढला. ज्या ठिकाणी वजन वाढतही नाही आणि घटतही नाही, तिथे बाहेरचे पाणी आणि बटाट्याच्या आतला रस यांचा तोल जमलेला असतो. हा प्रयोग पुढच्या अभ्यासक्रमात आहेच. साहित्य म्हणाल तर बटाटे, मीठ आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा.

दुसरा धडा घराबाहेरचा. अल खोरजवळ उथळ समुद्रात एक लहान बेट आहे, त्याला जांभळे बेट म्हणतात. तीन हजार वर्षांहून अधिक काळापूर्वी तिथे समुद्री गोगलगायी ठेचून जांभळा रंग काढत असत, त्या शिंपल्यांचे ढीग उत्खननात सापडले आहेत. आता त्या बेटाभोवती खारफुटी आहे. भल्या पहाटे, ऊन चढायच्या आत आम्ही गेलो. मी झाड पाहिले आणि चकित झालो. अहो, ही तर आपली तिवर! माझे बालपण कोकणातल्या खाडीकाठी गेले. तिवरीच्या चिखलात रुतून किती वेळा मार खाल्लाय, ते आईलाच माहीत. परदेशात वाळवंटाच्या काठावर तीच तिवर भेटली. गाववाले भेटल्यासारखे वाटले.

नातीने पान न तोडता त्यावर बोट फिरवले आणि जिभेला लावले. खारट! आता तिचा प्रश्न : काकडीला मीठ लावले तर ती सुकते, मग हे झाड मिठाच्या पाण्यात उभे राहून हिरवे कसे? आम्ही दोघांनी मिळून शोधले. तिवर बरेचसे मीठ मुळांशीच अडवते. जे आत येते ते पानांवरच्या सूक्ष्म ग्रंथींतून बाहेर टाकते, तेच बोटाला लागले. चिखलात हवा नसते म्हणून तिची मुळे पेन्सिलीसारखी वर येतात आणि श्वास घेतात. महाराष्ट्र सरकारने २०२० साली पांढरी चिपी या खारफुटीला राज्य कांदळवन वृक्ष म्हणून मान दिला, हे मी तिला सांगितले. पण खाडीकाठी वाढूनही 'कसे काय' हा प्रश्न मला साठ वर्षांत पडला नव्हता, हेही तिला सांगितले.

आता तिसरा धडा. तो सांगताना मला थोडे थांबावे लागेल.

एका संध्याकाळी नात आजीला जलसंजीवनी शिकवत होती. आपल्याकडे जुलाबात देतात ती पुडी, ओआरएस. एक लिटर पाण्यासाठीच्या पुडीत २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज, शिवाय पोटॅशियम आणि सायट्रेट. आजींनी विचारले, "जुलाबात अंगातलं मीठ-पाणी जातं, तर मीठ-पाणी द्यावं. साखर कशाला? चवीला?"

हा प्रश्न मी पूर्वी ऐकला होता.

१९८० नंतरची गोष्ट. मी नुकताच डॉक्टर होऊन कोकणातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झालो होतो. पावसाळ्यात हगवण-ओकाऱ्यांची साथ आली. रांग दारापर्यंत. एक बाई दीड वर्षाचे मूल घेऊन आली. केंद्रातल्या पुड्या संपल्या होत्या. मी घाईघाईत सांगितले, उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला आणि घोट घोट पाजत राहा. ती गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मूल परत आले ते मान टाकून. डोळे खोल गेलेले, लघवी बंद. आम्ही डोक्यावरच्या शिरेतून सलाईन लावले. मूल वाचले, पण दोन दिवस भरवसा नव्हता.

मी त्या बाईवर चिडलो होतो. "सांगितलं तसं का केलं नाही?" ती म्हणाली, "साहेब, मीठ घातलं. साखर नाही घातली. गोडानं पोट जास्त बिघडतं म्हणतात. आणि मला वाटलं, चवीला सांगितली असेल." घरात साखर होती, पण ती पाहुण्यांच्या चहासाठी जपून ठेवलेली.

चूक तिची नव्हती. मी तिला 'किती' सांगितले होते, 'का' सांगितले नव्हते. आणि खरे सांगायचे, तर त्या वेळी मलाही 'का' नीट सांगता आले नसते. परीक्षेपुरते वाचले होते आणि विसरलो होतो.

ते 'का' असे आहे. आतड्याच्या अस्तरातल्या पेशींवर एक दार असते. ते दार मीठ आणि ग्लुकोज दोघे बरोबर आले तरच नीट उघडते. दोघे आत गेले की त्यांच्यामागे पाणी ओढले जाते, तेच काकडीचे परासरण. जुलाबात बाकीची दारे बिघडली तरी हे दार बहुधा चालू राहते. साखर नसेल तर मीठ आणि पाणी बाहेरच राहतात, उलट जुलाब वाढतात. रॉबर्ट क्रेन यांनी ही जोडी १९६० साली मांडली. १९७१ साली बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला. सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपांतून मीठ-साखरेचे पाणी आप्तांच्या हाती देऊन रुग्णांना पाजायला लावले. तीस टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांच्याही खाली आले. २०२३ साली सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिले.

नातीने हे सगळे आजीला मराठीत समजावले. अडली तिथे मी शब्द पुरवला. आजी म्हणाल्या, "म्हणजे साखर ही पाहुण्याचा हात धरून आत नेणारी यजमानीण." नातीने वहीत तेच लिहून घेतले. मग मी दोघींना त्या बाईची गोष्ट सांगितली. चाळीस वर्षांत प्रथमच सांगितली. नात म्हणाली, "आबा, आता आपण प्रत्येक पानावर 'का' लिहायचं." त्या वहीला तिने नावच 'का?' असे दिले.

यानंतर अभ्यासाची गाडी रुळावर आली. आठ आठवड्यांत सबंध पुस्तक संपवायचा नाद आम्ही सोडला. जे केले ते थोडक्यात सांगतो, नातवंडांना उपयोगी पडेल.

एक, आधी रसायनशास्त्र. जीवशास्त्राची निम्मी भीती ही रसायनशास्त्राची असते. पाण्याचा रेणू, आम्ल-अल्कली, आणि कर्बोदके, स्निग्ध पदार्थ, प्रथिने व न्यूक्लिक आम्ले ही चार घराणी, एवढे पक्के केले की पुढचे धडे ओळखीचे वाटतात.

दोन, शब्दांची मुळे. 'हायपो' म्हणजे कमी, 'हायपर' म्हणजे जास्त, 'लायसिस' म्हणजे विघटन. इथल्या मधुमेही मंडळींना 'हायपो' झाला म्हणजे काय होते ते सांगायला नको! पन्नास मुळे कळली की शेकडो शब्द पाठ करावे लागत नाहीत.

तीन, पुस्तक मिटून आठवणे. आपण स्तोत्रे पाठ कशी केली? पोथीकडे बघत राहून नव्हे, पोथी मिटून म्हणत, अडले की उघडून. धडा वाचला की मिटावा, कोऱ्या कागदावर आकृतीसह लिहावा, मग ताडून पाहावा. दुसऱ्या दिवशी, चार दिवसांनी आणि पंधरवड्याने पुन्हा तेच करावे. पाठांतर वाईट नाही, अर्थ सोडून केलेले पाठांतर कोशिंबिरीपाशी अडते.

चार, मोजणे आणि आलेख. आता जीवशास्त्रात आकडे फार आहेत. नाडी मोजा, जिना चढून पुन्हा मोजा, आलेख काढा.

पाच, झोप आणि सुट्टी. शेवटचा आठवडा वही बंद. मुलांनी सुट्टीही घ्यावी.

या काळात मलाही जुने बरेच टाकून द्यावे लागले. मी शिकत होतो तेव्हा पोटाचा अल्सर हा आम्ल, तिखट आणि काळजी यांमुळे होतो असे शिकवत. १९८२ साली ऑस्ट्रेलियात बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी त्यामागचा जिवाणू दाखवला. कोणी मानेना, तेव्हा मार्शल यांनी तो जिवाणू स्वतः पिऊन पाहिला. २००५ साली दोघांना नोबेल मिळाले. नात म्हणाली, "म्हणजे तुमच्या पुस्तकातलं चूक होतं?" म्हटले, "होय. आणि तुझ्या पुस्तकातलंही काही चूक निघेल. कदाचित तूच काढशील."

श्वसनाच्या धड्यात सायटोक्रोम सी नावाचे प्रथिन आले, तेव्हा मी तिला कमला सोहोनी यांची गोष्ट सांगितली. दुर्गाबाई भागवतांच्या त्या बहीण. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी चांगल्या गुणांनी मिळवून बंगळूरच्या विज्ञान संस्थेत गेल्या, तर मुलगी म्हणून सी. व्ही. रामन यांनी प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. एक वर्ष अटींवर प्रवेश मिळाला, आणि त्यांचे काम पाहून पुढे मुलींना दार उघडले. १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट त्यांनी मिळवली. बटाट्यावर काम करताना वनस्पतींतही सायटोक्रोम सी असते हे त्यांनी दाखवले होते. आमच्या टेबलावर त्या दिवशीही बटाटे होतेच. नात त्यांच्याकडे बघत राहिली.

जाता जाता डॉक्टर म्हणून दोन वाक्ये बोलतोच, सवय जात नाही. वयाप्रमाणे तहानेची जाणीव कमी होते, म्हणून उन्हाळ्यात तहान लागायची वाट न पाहता पाणी प्या. पण रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, तर किती पाणी आणि किती मीठ हे आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा. आणि जलसंजीवनी हे रोजचे सरबत नव्हे.

आता नातीचे काय झाले, असे विचाराल. चमत्कार वगैरे काही नाही. सप्टेंबरात वर्ग सुरू झाले, अभ्यास कठीण आहे, पहिल्या चाचणीत बरे गुण मिळाले, फार नाहीत. पण विषय सोडला नाही. तिला डॉक्टर व्हायचे नाही, हे अजूनही कायम आहे. खाडी, खारफुटी, समुद्र यांचा अभ्यास करायचा म्हणते. माझा स्टेथोस्कोप कपाटात राहणार. पहिल्या दिवशी याचे वाईट वाटले असते. आता वाटते, स्टेथोस्कोपपेक्षा 'का?' ही वही पुढे गेली हे बरे झाले.

शेवटी एक विनंती. आपल्या संस्थानच्या अभ्यासिकेत संध्याकाळी जी मुले बसतात, त्यांतली बरीच दहावीपर्यंत मराठीतून शिकून अकरावी विज्ञानाला एकदम इंग्रजीत येतात. मीही तसाच आलो होतो. पहिले सहा महिने काही कळत नसे, आणि विचारायची लाज वाटे. हुशार मुले त्या सहा महिन्यांत विषय सोडून देतात. माझ्या नातीला वातानुकूलित घर, पुस्तके, आजी आणि आबा, सगळे होते. या मुलांना निदान यातले काही मिळावे.

म्हणून, आपल्या घरी अकरावी-बारावीची जुनी पण चालू अभ्यासक्रमाची पुस्तके असतील तर संस्थानच्या कार्यालयात आणून द्या. अभ्यासिकेसाठी एक साधा सूक्ष्मदर्शक घ्यायचा आहे, त्यासाठी यथाशक्ति देणगी द्या आणि पावती अवश्य घ्या. आणि ज्यांना पैसे देणे शक्य नाही, त्यांच्याकडून मला जास्त मोलाचे हवे आहे. आठवड्यातून एक तास अभ्यासिकेत येऊन बसा. तुम्हाला जीवशास्त्र येत नसले तर उत्तमच. मुलांना म्हणा, "बाळा, आज काय शिकलास ते मला मराठीत सांग." नाही समजले तर "का?" एवढेच विचारा. ते मूल चुकले तर रागावू नका. ते काम मी एकट्याने पुरेसे केले आहे.

दर गुरुवारी संध्याकाळी मी स्वतः तिथे असेन. येताना दोन काकड्या आणि थोडे मीठ घेऊन येईन.